‘बारीक झालास का?’ याला मी दिलेली उत्तरं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. चुलतभाऊ नामदेवला नाही. देवळात एकटा असताना देवीपुढंही ते तोंडातून बाहेर पडलं नाही — तिथं मी खाली बघून घंटा वाजवतो आणि निघतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायला छाती लागते, ती माझ्याकडं नाही. पोट आहे.

बघा, झालं सुरू. हीच ती घाणेरडी सवय. दोन वाक्यं सरळ बोलतो न बोलतो, तोवर तिसऱ्याला तोंड वाकडं होतं — काहीतरी चुरचुरीत पाहिजे, समोरचा हसला पाहिजे. त्या सवयीचीच गोष्ट आहे ही. मध्येच हसू आलं तर तुमचं तुम्ही बघा. मला मात्र आता त्या सवयीची किळस येते, ओकारी येते म्हणा.

मी लोणावळ्यात बंगले सांभाळतो. माझे नव्हेत, मुंबई-पुण्याच्या लोकांचे. शनिवार-रविवारी भाड्यानं द्यायचे, चादरी बदलायच्या, पोहायच्या टाकीतलं पाणी बघायचं, पार्टी गेली की बाटल्या गोळा करायच्या. गाव आमचं आंदर मावळात, टाकव्याच्या बरंच पुढं, एसटी येते न येते असं. नाव सुदाम. आणि नावाच्या अगदी उलट देह. नाव सुदाम्याचं आन् पोट कुबेराचं, असं गावात म्हणायचे. मी चिडायचो नाही. जाड्या माणसानं एक तर चिडायचं, नाहीतर लोकांच्या आधी आपणच आपल्याला हसायचं. मी दुसरं धरलं आणि त्यात नाव काढलं. लग्न असो, दहावा असो, सुदाम आला म्हटलं की माणसं सरकून जागा द्यायची. दोन माणसांची.

आई मी लहान असतानाच गेली. वाढवलं ते हौसाआत्यानं, बापाच्या थोरल्या बहिणीनं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमचीच. पोटी मूल नव्हतं. होतो तो मी. आणि आत्याची माया म्हणजे भात — दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं तिला माया करताच यायची नाही. डोक्यावरनं हात फिरवणं नाही, पापा नाही. घरच्या खाचरातला इंद्रायणी, मऊ, चिकट, वाफाळता. त्यावर हुलग्याचं पिठलं आणि मध्ये खड्डा करून तूप. मी नको म्हटलं की आणखी एक उलथनं पडायचं. लोक माझ्या पोटाला हसायचे तेव्हा ती पदर सावरून म्हणायची की हसा, हसा, ते माजं पीक हाय.

तिच्या लेखी माणसं दोनच तऱ्हेची. भरलेली आणि वाळलेली. भरलेला म्हणजे सुखात आहे. वाळलेला म्हणजे दुखणं आहे, नाहीतर घरात काहीतरी बिनसलंय. जाणूनबुजून कुणी वाळतं, हे तिच्या डोक्यात मावणारं नव्हतं, आणि का मावावं? माझी आई तिच्या डोळ्यांदेखत वाळत वाळत गेली होती. आधी बांगड्या सैल झाल्या, मग बोटातली अंगठी गळून पडायला लागली, मग आईच गेली. आत्या हे सांगायची तेव्हा स्वतःच्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट धरून दाखवायची, एवढं राहिलं होतं म्हणून.

हे सगळं मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा.

कार्ल्याला एका हळदीत माझ्याखालची प्लास्टिकची खुर्ची मोडली. मांडव भरलेला, ताशा नेमका थांबलेला, आणि मी चारी पाय वर. लोक धावले, लागलं का, लागलं का. मी पडल्या जागेवरनं म्हणालो, माझं सोडा, खुर्चीच्या घरच्यांना कळवा. मांडव हसून लोळला. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. घरी येऊन आंघोळीला गेलो आणि बादलीत नळ सोडून आतमध्ये रडलो. माझी लेक त्या मांडवात होती, आणि ती एकटीच हसली नव्हती. ती दुसरीकडं बघत होती.

माझ्याकडं मुंबईचे एक साहेब नेहमी उतरायचे. तेही माझ्यासारखेच होते, आणि एकदा आले ते निम्मे होऊन. मी विचारलं. त्यांनी आजूबाजूला बघून सांगितलं की आठवड्याला एक इंजेक्शन असतं, पोटात टोचायचं, भूकच मरते. आता ती इंजेक्शनं सगळ्यांना माहीत झालीत. तेव्हा आमच्याकडं कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. मी पुण्याला जाऊन डॉक्टर गाठला, तपासण्या केल्या, औषध सुरू केलं. त्यात पाप काही नाही. पाप लपवण्यात होतं — आणि मी पहिल्या दिवसापासून लपवलं. का? लाज. खाऊन जाड झालेला माणूस सुई टोचून बारीक होतो, यात काय मर्दुमकी? त्यापेक्षा चालून झालो, उपास करून झालो, हे ऐकायला किती बरं वाटतं.

म्हणून घरी सांगितलं की चालायला जातो. बंद बंगल्याच्या फ्रिजमध्ये ती इंजेक्शनं ठेवलेली असायची, मालकांच्या चीजच्या डब्यामागं. गुरुवारी सकाळी जायचं, टोचायचं, सोफ्यावर तासभर लोळायचं आणि तोंडावर पाणी मारून, घाम आल्यासारखं करून घरी. दिवसभर मळमळायचं, म्हणून गुरुवारचा उपास धरला असंही सांगून टाकलं. बायको माझ्यासाठी साबुदाणा भिजवायची. शेजारची माणसं म्हणायला लागली, सुदामरावांकडून शिकावं, निग्रह म्हणजे काय असतो. मी त्यांना सल्ले द्यायचो. हो, सल्ले. रात्रीचं हलकं खा, पायी चाला, मनावर ताबा पाहिजे. असा मी.

आणि प्रश्न सुरू झाले. बारीक झालास का रे? नाक्यावर, पेट्रोल पंपावर, बँकेत, जो भेटेल तो. सरळ उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून मी उत्तरांचं दुकानच उघडलं. पोट भाड्यानं दिलं होतं, करार संपला. बारीक नाही हो, कपडे वाढलेत. लोणावळ्यात धुकं असतं, थोडा पुसट दिसतोय एवढंच. बायकोनं वाटणी मागितली, निम्मा दिला. वजन हरवलंय, सापडलं तर तुम्हीच ठेवून घ्या, तुम्हाला गरज आहे. लोक हसायचे आणि पुढं विचारायचे नाहीत. तीच तर गंमत. हसलेला माणूस पुढं विचारत नाही. बंद दाराला कडी लावावी तशी मी ती उत्तरं लावायचो. लोक पाठही करायचे माझी उत्तरं, दुसऱ्याला सांगायचे.

त्या इंजेक्शनानं अन्नाचा वास नकोसा व्हायचा. बाजारात चिक्कीचा गूळ उकळायला लागला की मी रस्ता बदलायचो. आणि सगळ्यांत नकोसा झाला तो आत्याचा भात. ती गावाकडच्या वडापच्या जीपमधनं माझ्यासाठी डबा धाडायची, कामशेतला ड्रायव्हर माझ्या हातात द्यायचा. झाकण न उघडताही त्या तुपाचा, त्या इंद्रायणीचा वास यायचा आणि माझ्या पोटात ढवळायचं. लहानपणी ज्या वासाला मी शाळेतून पळत घरी यायचो, तोच वास. मी हायवेच्या कडेला गाडी थांबवायचो, नाक दाबून डबा गटाराकडेला पालथा करायचो आणि बाटलीतल्या पाण्यानं विसळायचो. कुत्री यायची. रिकामा डबा परत धाडताना निरोप असायचा, लय झ्याक झालता. किती महिने चाललं हे? पुष्कळ. आता सांगताना तोंडात कडू येतंय.

चैत्रात गावची जत्रा. मी बऱ्याच दिवसांनी गेलो. आत्या ओट्यावर बसली होती, आजूबाजूला भावकी, पाव्हणेरावळे. मी गाडीतनं उतरलो तशी ती उठून उभी राहिली. मग सगळ्यांसमोर विचारलं की बारीक का झालास रं, काय होतंय तुला? तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मला कळलं होतं. आईचा आवाज ज्या माणसाला आठवत नाही, त्यानं ज्या एका आवाजावर आयुष्य काढलं, तो आवाज बदललेला कळत नाही का? पण ओट्यावर दहा-बारा पुरुष होते आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते — आता सुदाम काय म्हणतोय. मी म्हणालो, “आत्या, चार खांदेकऱ्यांना जड नको म्हणून आधीच कमी करून ठेवतोय.”

ओटा हसला. कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला. आत्या हसली नाही. ती जवळ आली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. “अभद्र बोलू नगं,” ती म्हणाली. “वास्तू तथास्तु म्हंते.” तुम्हाला ठाऊक असेल हे, घरोघरी म्हणतात: घरात वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते आणि ते खरं होतं. आपण ऐकतो आणि सोडून देतो. तिनं सोडलं नाही. तिच्या लेखी मी वाळत होतो, का ते सांगत नव्हतो, आणि वर मरणाचं बोललो होतो. दुखणं लपवणारी माणसं अशीच हसत बोलतात, हे तिनं माझ्या आईच्या वेळी बघितलं होतं.

ज्येष्ठात अलकाचा फोन आला. अलका म्हणजे नामदेवची बायको; आत्या त्यांच्यातच राहायची. म्हणाली, दादा, आत्यानं भात सोडलाय. मला आधी कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आत्या एकटी देवीच्या देवळात गेली होती आणि भात सोडून आली होती. लोक काशीला जाऊन वांगं सोडतात, भोपळा सोडतात. आवडीची वस्तू देवापुढं सोडली की ती परत तोंडात घालायची नाही, मोडलं तर ज्याच्यासाठी सोडलं त्याच्यावर येतं. ही वांगं नाही, भात सोडून आली होती. आणि मुदत अशी, की सुदाम पैल्यासारखा भरला की मग खाईन.

आमच्याकडं भात सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमची भाकरीसुद्धा तांदळाची. पेज तांदळाची, घावन तांदळाचं. आत्याला दात नव्हते. नाचणीची भाकरी दुधात कुस्करून ती चमचा दोन चमचे गिळायची आणि पुरे म्हणायची. अलका हसत हसत पुढचं सांगत होती, की पेरणीच्या कामावरच्या बाया आता आत्यालाच विचारायला लागल्यात, बारीक झाली का गं हौसा, आणि आत्या काय म्हणते ठाऊक आहे का, म्हणते की भाच्याला दिलंय उसनं. बाया लय हसल्या म्हणे. भाचा तशी आत्या, बोलायला दोघंबी सारखीच, असं म्हणाल्या.

त्या बायांना ती थट्टा वाटली. मला वाटली नाही. तिनं खरोखरच दिलं होतं.

आता सांगा, एका फोनचं काम होतं की नाही? आत्या, मला काही झालेलं नाही, मी औषध घेऊन मुद्दाम बारीक होतोय, तू भात खा. एवढंच. मी काय केलं? अलकाला म्हणालो, म्हातारं माणूस, करील आणखी दोन दिवस आणि सोडून देईल. फोन ठेवला आणि आरशासमोर गेलो. शर्ट वर करून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी बरं वाटलं. माझ्यासाठी कुणी एवढं करतंय याचं नव्हे. पोट आणखी आत गेलं होतं, त्याचं.

आणि मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. आत्याला साखर होती. तिच्या गोळ्या कामशेतहून महिन्याच्या महिन्याला मीच घेऊन धाडायचो. औषधवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पोटभर खाल्ल्यावरच गोळी घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम खाली जाईल, चक्कर येईल. मीच तिला समजावलं होतं: आत्या, भात खाल्ला की गोळी. ती गोळी कधी चुकवायची नाही, कारण सुदाम्यानं धाडलीय. आता भात नव्हता आणि गोळी चालूच होती. मला सुचलं नाही असं म्हणू का? सुचलं होतं. फोन ठेवल्यानंतर गाडी चालवताना सुचलं, आणि मी रेडिओ मोठा केला.

भाद्रपदात एका सकाळी ती गोठ्यात पडली. अलका धार काढायला गेली तर आत्या गव्हाणीशी घामानं चिंब, बोलणं नाही, डोळे उघडे. नामदेवनं जीप केली आणि कामशेतच्या दवाखान्यात आणली. मी लोणावळ्याहून पोचलो तोवर सलाईन लावून ती शुद्धीवर आली होती. साखर पार तळाला गेली होती. आणि पडताना खुबा मोडला होता.

डॉक्टरीण तरुण होती, आणि ती चिडली होती. एवढी साखर उतरेपर्यंत बाई उपाशी कशी राहिली, घरात कुणाचं लक्ष नव्हतं का? नामदेवनं भाताचं सांगितलं. ती माझ्याकडं वळली, कारण शर्ट-पँट घातलेला, शिकलेला दिसणारा मीच होतो. “भाच्यासाठी सोडला म्हणतात. तो भाचा तुम्ही ना? तुम्हाला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

अलका तिथंच उभी होती, चार हातांवर. तिनं माझ्याकडं बघितलं. मग पिशवीतला टॉवेल काढून उगाच घडी घालायला लागली. तिनं तेव्हाही काही म्हटलं नाही आणि आजतागायत म्हटलेलं नाही. सणावाराला वाढायला येते तेव्हा मी ताटातून मान वर काढत नाही.

हे सगळ्यांत वाईट, असं वाटलं ना तुम्हाला? नाही. बाहेर व्हरांड्यात कार्ल्याचा एक ओळखीचा भेटला, त्याचं कुणीतरी दाखल होतं. लांबूनच म्हणाला, सुदामराव, निम्मे झालात की. आणि माझ्या तोंडातून — मी विचारही केला नाही हो, ढेकर यावी तसं आलं — माझ्या तोंडातून आलं की निम्मा आत ॲडमिट आहे. तो खो-खो हसला. पडद्यापलीकडं आत्याची खाट होती. ती जागी होती.

मी आत गेलो तेव्हा तिनं मला जवळ बसवलं. सुईचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. अंगठा आणि बोट फिरवून बघितलं. बोट अंगठ्याला टेकलं. “न्हाई भरला अजून,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी मी चालायला म्हणून निघालो, बंद बंगल्यात गेलो, चीजच्या डब्यामागून इंजेक्शन काढलं आणि टोचलं. परत ऐका. आत्या दवाखान्यात पडलेली, का पडली ते मला ठाऊक, ती कधी जेवेल तेही ठाऊक — मी भरेन तेव्हा. आणि मी टोचून घेतलं. सोफ्यावर पडून छताकडं बघत राहिलो आणि डोक्यात विचार काय, तर दिवाळीच्या आधी पँट अल्टर करून घ्यायला पाहिजे. असल्या माणसाला काय म्हणायचं? मला शब्द सापडत नाही. आहेत ते सगळे मी दुसऱ्यांवर वापरून बसलोय.

तिला गावी नेलं. वयामुळं ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले, खाटेवरच ठेवली. गोळ्या कमी करून दिल्या. सगळे समजावून थकले — नामदेव, अलका, देवीचा गुरव स्वतः येऊन म्हणाला की आजारी माणसाला देवी माफ करते. ती ऐकेना. मोडलं तर माज्या लेकरावर यील, एवढंच म्हणायची. मग सगळे मला म्हणायला लागले, तूच सांग बाबा, तुझं ऐकेल. बरोबरच होतं त्यांचं. जगात एकट्या माझ्यापाशी ते वाक्य होतं, ज्यानं ती जेवली असती.

दिवाळीनंतर नवा भात घरात आला. नामदेव कामशेतच्या गिरणीतनं तांदूळ करून घेऊन आला होता. अलकानं पहिला भात शिजवला, देवाला दाखवला. मी त्या दिवशी गेलो होतो. घरभर वास. आत्यानं तोंड भिंतीकडं केलं. मी बघितलं, तिच्या गळ्याची हालचाल होत होती. ती आवंढे गिळत होती. नव्या भाताच्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि माझ्या पोटात मळमळत होतं. एकाच खोलीत, एकाच वासानं.

बाकीचे खळ्याकडं गेले. मी खाटेपाशी बसलो. आता बोलायचंच, असं ठरवून बसलो होतो — देवाशप्पथ ठरवलं होतं. आणि मी बोललो. हो, मी तिला सांगितलं. म्हणजे मी गप्पच राहिलो अशातला भाग नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त घाण आहे.

कारण कसं सांगितलं ते ऐका. मी हसत हसत सांगितलं. तोच सूर, तीच मान तिरकी, ओट्यावर बसून बोलतो तसं. म्हणालो, “आत्या, मला रोग-बीग काही नाही गं. मी पैसे देऊन सुया टोचून घेतो पोटात, बारीक व्हायला.” आणि शेवटी डोळा मिचकावला. मी का मिचकावला डोळा? नकळत झालं असं तुम्ही म्हणाल. नाही. मला ठाऊक होतं मी काय करतोय ते. सांगितल्याचं पुण्य पाहिजे होतं आणि तिनं विश्वास ठेवायला नको होता.

तिनं भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. क्षणभर बघितलं, आणि हसली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली. दात नसलेलं, खांदे हलवत, खोकला येईपर्यंत. “कुनी पैसं दिऊन वाळतं व्हय रं?” ती म्हणाली. “लय थट्टेखोर माजं लेकरू. दुखणं सोसतंय आन् मला हसवतंय.” आणि माझ्या गालावरनं हात फिरवला. तिनं कधी हात फिरवलेला नव्हता, सांगितलं ना मघाशी.

तेव्हा म्हणायचं होतं, नाही आत्या, खरं सांगतोय. खिशात फोन होता. त्यात औषधवाल्याचं बिल होतं, इंजेक्शनाचा फोटो होता, दाखवता आला असता. मी तिच्याबरोबर हसलो. दोघं हसत होतो. अलका दारात आली आणि म्हणाली, बरं वाटलं आत्याला हसताना बघून.

आत्या मार्गशीर्षापर्यंत होती. मी जायचो, बसायचो, पाय चेपायचो. ती मनगट धरून बघायची आणि सोडून द्यायची. तो विषय मी परत काढला नाही. शेवटी शेवटी पाणीही चमच्यानं पाजावं लागायचं. भाताचं शीतही तोंडात न घेता ती गेली.

दहाव्याला सगळं गाव नदीवर जमलं होतं. टाकवे, कामशेत, कार्ले, कुठून कुठून माणसं आली होती. एकेक जण जवळ यायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मला वरपासून खालपर्यंत बघायचा. किती बारीक झालास रं सुदाम, म्हणायचे. आत्यापायी निम्मा झालास, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलंस. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. अलका बाजूलाच पत्रावळी मांडत होती.

त्या दिवशी मी एकालाही गमतीचं उत्तर दिलं नाही. खाली बघितलं आणि प्रत्येकाला हो म्हणालो.